दसऱ्याची दुसरी गोळी

"कान झाक," आप्पा म्हणाले.

मी काही कान झाकले नाहीत. आप्पांनी हात लांब केला, बांधाच्या मातीकडं नेम धरला आणि चाप ओढला. फट्! बस्स, एवढंच. वहीनं डास मारावा तेवढा आवाज. बांधाची चिमूटभर माती उडाली, गवतात पितळेची पुंगळी पडली आणि पलीकडच्या रानातल्या बगळ्यांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

"ह्याला बार म्हणायचं?" मी म्हणाले. "दुनळी वाजली की नदीपलीकडची कुत्री भुंकायची."

"तोंड आवर माले. सणाचा दिवस हाय." पण तेही जरा ओशाळलेच होते.

ते पिस्तूल होतंच तसलं. पंचवीस बोअरचं, परदेशी, कुणाच्या तरी हातून आलेलं जुनं. आप्पांनी मूठ मिटली की आत काही आहे असं वाटायचंसुद्धा नाही. कराड-चिपळूण रस्त्यावर आमचा पेट्रोल पंप. पंपाचा भरणा घेऊन आप्पा मोटरसायकलवरून कराडला बँकेत जायचे. त्या साली घाटाखालच्या एका पंपवाल्याला वाटेत अडवून लुटलं, तेव्हा आप्पांनी घरातली दुनळी विकली आणि खिशात मावेल असं हे घेतलं. लायसन बदलून आणायला कलेक्टर कचेरीत चपला झिजवल्या. आल्या आल्या मला रानात नेऊन डब्यावर नेम धरायला लावला. मी कॉलेजात एन.सी.सी.ला होते, बावीसची रायफल चालवलेली. डबा पहिल्या गोळीला पाडला. आप्पांना काही तो पडेना, तर म्हणतात कसे, "वारा हाय."

आमच्या घरची दसऱ्याची रीत अशी : शीव ओलांडून एक बार काढायचा आणि एक काडतूस राखायचं. रिकामं हत्यार देवापुढं ठेवायचं नाही. दुनळी होती तोवर सोपं होतं. एका नळीचा बार काढायचा, बंदूक मधून उघडून दुसऱ्या नळीतलं काडतूस काढून घ्यायचं आणि दोन्ही पाटावर शेजारी शेजारी ठेवायचं. मग घरातल्या बाईनं कुंकू लावायचं. ते लागेपर्यंत हत्याराला कुणी हात लावायचा नाही.

पिस्तुलालाही आप्पांनी तीच रीत लावली. दोनच गोळ्या भरून आणल्या होत्या, एक मातीला, एक देवाला. बार झाल्यावर त्यांनी पिस्तुलाचा चाप अडवणारा खटका लावला, मॅगझीन ओढून काढलं आणि न बघताच खिशात टाकलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. खरं सांगायचं तर माझं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. त्या दिवशी सर्जेरावकाका घरी येणार होता, आणि आप्पांना ते ठाऊक नव्हतं.

काका म्हणजे आप्पांचा पाठचा भाऊ, पलटणीत होता. आठ वर्षांपूर्वी सुट्टीवर आला तेव्हा माझ्या धाकट्या भावाला, दिगूला, आमच्या विहिरीत पोहायला शिकवत होता. रोज पाठीला भोपळा बांधून. एक दिवस म्हणाला, "आता येतंय तुला," आणि भोपळा सोडला. दिगूनं उडी मारली ती मारलीच. काकानं बुडी मारून त्याला तळातून काढला, पण तोवर सगळं संपलं होतं. आप्पा रडले नाहीत. सगळ्या गावादेखत काकाला म्हणाले, "पुन्हा माझ्या दारात दिसलास तर जिता सोडणार न्हाई." काका त्याच रात्री पलटणीत निघून गेला. नंतर सुट्टीवरसुद्धा गावात आला नाही.

आता तो पेन्शनीवर आला होता आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला घर करून राहिला होता. तो आला त्याच महिन्यात आप्पांनी पिस्तूल आणलं. मग काय विचारता! गिरणीत, पारावर, दूध डेअरीत एकच विषय : थोरल्यानं धाकट्यासाठी आणलंय.

आईनं मात्र वेगळंच मनात घेतलं होतं. "माझं पोर मारलं न्हाई त्यांनी. शिकवताना गेलं," ती मला म्हणाली. "जा, भावजींना सांग, दसऱ्याला सोनं द्यायला या म्हणावं."

मी निरोप घेऊन गेले. काका अंगणात खाट विणत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"दादानं बोलावलंय का वहिनीनं?"

"घरानं," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार!

"आणि तो काय करंल?"

"ते मला नाही माहीत, काका."

"मला माहीत हाय," तो म्हणाला आणि सुंभ ओढत राहिला. "येतो म्हणून सांग."

बांधावरून आम्ही घरी आलो. आप्पांनी पिस्तूल पाटावर ठेवलं, शेजारी मॅगझीन ठेवलं, वर झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं टाकली. आई तुपाची निरांजनं लावत होती. तेवढ्यात व्हरांड्यात माणसं यायला लागली. पहिला आला तुकातात्या. आमचा शेजारी, जुना पैलवान, आवाज असा की पंपावरचे ट्रकवाले वळून बघायचे.

"सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा! आणि हिंदुराव, ते तुमचं खेळणं दावा की!"

"कुंकू लागायचंय अजून," आई आतून म्हणाली.

पण ऐकतोय कोण! तात्यानं आत येऊन पानं बाजूला सारली आणि पिस्तूल उचलून व्हरांड्यात नेलंसुद्धा. आप्पाही काही बोलले नाहीत. नवी वस्तू मिरवायची हौस त्यांनाही होतीच की.

"आरं, ह्यानं बिडी पेटवायची का काय?" तात्यानं ते तळहातावर नाचवलं. सगळे हसले. मग त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. "चाप हालंना का?"

"खटका लावलाय. आणि मॅगझीन काढून ठेवलंय, घाबरू नका," आप्पा म्हणाले.

"ह्याला घाबरतोय कोण!"

पिस्तूल या हातातून त्या हातात फिरत होतं. मी चहाचे कप देत होते. माझं सगळं ध्यान फाटकाकडं. आणि फाटक वाजलं.

काका आला. पांढरा सदरा, पायजमा, डोक्याला टोपी, हातात आपट्याची डहाळी. एकटाच. काकूला आणलं नव्हतं. व्हरांड्यातलं हसणं तिथल्या तिथं थांबलं. तात्यानं पिस्तूल गुपचूप आप्पांच्या मांडीवर ठेवलं आणि खांबाला टेकून उभा राहिला.

आप्पांनी बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "माले, ते मॅगझीन उचल पाटावरचं आणि कपाटात ठेव. आत एक गोळी हाय. जपून." आवाज असा की मला हलावंसं वाटेना. वाटलं, आप्पांना मी इथं नको आहे.

"जा म्हणलं न्हवं!"

मी आत गेले. बाहेर काकाचा आवाज आला, "सोनं घे दादा."

मी पानं बाजूला केली आणि मॅगझीन उचललं. काडेपेटीपेक्षा अरुंद, हलकं. फार हलकं. तोंडाशी बघितलं तर गोळी नाही. बोट घातलं. आतली पट्टी स्प्रिंगनं पार वर आलेली. फुलांत पडली असेल म्हणून पाट चाचपला, फुलं झाडली. काही नाही.

दोन भरल्या होत्या. एक मातीत गेली. दुसरी कुठाय?

आणि मग मला आठवलं. एन.सी.सी.चे उस्ताद फायरिंग झालं की प्रत्येकीला रायफल उघडून नळी दाखवायला लावायचे, आणि आम्ही कंटाळून तोंडं वाकडी करायचो. त्यांनी एकदा सांगितलं होतं, आपल्या रायफलीत पुढची गोळी हातानं चढवावी लागते, पण पिस्तुलाचं तसं नाही. एक उडाली की पुढची आपोआप नळीत चढून बसते. नुसतं मॅगझीन काढून काही होत नाही.

आप्पांनी जन्मभर दुनळी वापरलेली. एका नळीचा बार काढला की दुसरी आपली जाग्यावर. त्यांच्या हिशेबी ती गोळी मॅगझीनमध्ये होती. आणि होती ती नळीत, त्यांच्या मांडीवर.

मॅगझीन कमरेला खोचून मी दारापर्यंत पळाले आणि तिथंच थिजले.

काका आप्पांच्या समोर उकिडवा बसला होता. डहाळी दोघांच्या मध्ये जमिनीवर. आप्पांच्या मांडीवरचं पिस्तूल आता काकाच्या हातात होतं. तो ते बघत होता, फौजी बघतात तसं, बाजू फिरवून. त्याचा अंगठा पिस्तुलाच्या मागच्या टोकावरून फिरला आणि तिथं जरासा थांबला. मग त्यानं आप्पांच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"गावात म्हणत्यात, हे माझ्यासाठी आणलंयस."

"गावाला काय काम हाय दुसरं?" आप्पा म्हणाले.

"मग सोनं का घेत न्हाईस?"

काकानं खटका खाली केला. तो बारीक आवाज मला दारात ऐकू आला. त्यानं पिस्तूल आप्पांच्या हातात दिलं, त्यांचं मनगट धरलं आणि नळी आपल्या सदऱ्याला, डाव्या बाजूला, टेकवली.

"ओढ दादा. एकदाचं मिटव. आठ वर्षं मला झोप न्हाई आणि तुलाबी न्हाई."

"नाटकं करू नगं सर्जा."

"नाटक न्हाई. तू बोलला हुतास, जिता सोडणार न्हाई. मी दारात आलोय. ओढ."

तात्या म्हणाला, "हिंदुराव, ओढा आणि मोकळं करा त्याला!" तो हसत होता. सगळ्यांना वाटत होतं, रिकामं आहे. आप्पांनाही. मी आप्पांचं तोंड बघत होते. आठ वर्षांत तसं बघितलं नव्हतं. रागाची गाठ सुटायला लागली होती. त्यांच्या मनात काय आलं ते मला लख्ख कळलं : चाप ओढायचा, टक् होईल, सगळे हसतील, आणि त्या हसण्यात सोनं घेऊन टाकायचं. तोंडानं माफ केलं म्हणायला लागू नये म्हणून ते चाप ओढणार होते. बोट चापावर गेलं.

ओरडावं तर भीती. चापावर बोट असलेल्या माणसाला कधी हाक मारायची नाही, दचकला की बोट आवळतं, हेही उस्तादांचंच. आणि ओरडून सांगणार काय? भरलंय म्हणून? मग गाव काय म्हणालं असतं? हिंदुरावनं भावाच्या छातीला भरलेलं पिस्तूल लावलं!

आई माझ्या मागं ताट घेऊन उभी होती. मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं आणि व्हरांड्यात गेले. हळू. पळाले नाही. आजही सांगते, आयुष्यात हळू चालायला कधी एवढा जीव लागला नाही.

"आप्पा," मी म्हणाले, अगदी रोजच्या आवाजात, "कुंकू राहिलंय."

"थांब जरा."

"थांब काय? शीव ओलांडून आलेलं हत्यार कुंकवाबिगर हातात घ्यायचं नाही, हे तुम्हीच सांगता. आज दिगूच्या दारात नियम मोडायचा का?"

दिगूचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही, तोंडातून आलं. आठ वर्षांत त्या घरात ते कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. आप्पांचं बोट सैल पडलं. मी ताट जमिनीवर ठेवलं, डावा हात पिस्तुलावर ठेवला आणि नळी काकाच्या छातीवरून बाजूला, अंगणाच्या मातीकडं वळवली. काकाचा सदरा घामानं ओला होता.

"माले, मधी मधी करू नगं," आप्पा म्हणाले. पण सोडेनात.

"द्या तिच्याकडं," आई दारातून म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. माझा रंग बघितला असेल तिनं. आई त्या आवाजात बोलली की आप्पा ऐकायचे.

त्यांनी सोडलं. मी ते दोन हातांत धरून, नळी खाली करून, स्वयंपाकघरातून परसात नेलं. पिस्तुलाच्या नळीवरची सरकती पट्टी मागं ओढायला बोटांत जोर येईना. साडीच्या पदरानं धरून ओढली, तेव्हा गोळी उडून राखेच्या ढिगात पडली. करंगळीच्या पेरापेक्षा लहान. मी ती उचलली, पुसली, मॅगझीनमध्ये दाबून बसवली आणि मॅगझीन परत कमरेला खोचलं. पट्टी मागं धरून नळीत डोकावून बघितलं. मग पुन्हा बघितलं. मातीकडं धरून चाप ओढला. टक्. मग आप्पांच्या हातात चाप पुन्हा वाजावा म्हणून पट्टी आणखी एकदा ओढून सोडली.

परत आले, ताटातलं कुंकू पिस्तुलाला लावलं आणि आप्पांच्या हातात दिलं. "घ्या. आता काय करायचं ते करा."

आप्पांनी काकाकडं बघितलं. काका तसाच उकिडवा होता, हलला नव्हता. आप्पांनी नळी पुन्हा त्याच्या छातीला लावली आणि चाप ओढला.

टक्.

"मारला जा!" आप्पा म्हणाले आणि मोठ्यानं हसले. हसता हसता आवाज फाटला. "मेला बघ माझा राग. आण तुझं सोनं."

तात्यानं टाळ्या पिटल्या. आप्पांनी जमिनीवरची डहाळी उचलून कपाळाला लावली, काकाच्या मानेत हात घातला आणि त्याला ओढून जवळ घेतलं. मग ते रडले. आठ वर्षांचं सगळं, लहान पोरासारखं. आईनं पदर तोंडाला लावला. काका मात्र पांढराफटक पडला होता. त्याला धड बसताही येईना. तात्या म्हणाला, "अवो, फौजी भ्यालं की!" आणि सगळे हसले.

दिवेलागणीला काका परसातल्या नळावर तोंड धुवायला आला. मी भांडी घासत होते. त्यानं इकडंतिकडं बघितलं.

"कुठाय?"

"काय?"

"गोळी, पोरी."

मी कमरेचं मॅगझीन काढून दाखवलं. वरच्या तोंडाशी ती दिसत होती. काकानं मान हलवली.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. हातातलं पातेलं मी खाली ठेवलं.

"मागं एक बारीक खीळ असती. पिस्तूल चढलेलं असलं की बाहीर येती. बोटाला लागली. आणि आपली रीत एक बार काढायची, एक राखायची. बार झाला की राखलेली आपोआप नळीत चढती, ते फौजी माणसाला ठावं असतं."

"मग खटका काढलात कशाला? छातीला लावलंत कशाला?"

काकानं ओंजळीत पाणी घेतलं आणि तसंच सोडून दिलं.

"मला वाटलं, दादाला माहीत हाय."

मला आधी समजलंच नाही.

"मॅगझीन पाटावर हाय, हे सगळ्यांदेखत बोललेला. चार माणसं साक्षीला. आणि एक नळीत राखलेली. उद्या कुणीबी म्हणलं असतं, चुकून झालं. मी म्हणलं, दादानं इचार करून केलंय. त्याचा हक्कच हाय. मी त्याचं पोर न्हेलं, त्यानं मला न्यावं. मिटंल. म्हणून खटका काढून दिला."

"अहो काका!"

"तू मधी आलीस तवा तुझा राग आला मला. सुटत हुतो, तू अडवलंस. मग परत आणून दिलंस, त्यानं ओढला, टक् झालं, आणि तो हसला." काकानं नळ धरून ठेवला. "तसा हसला न्हवं, तवा कळलं मला. त्याला काहीच माहीत नव्हतं गं. तो मला माफ करत हुता. आणि मी त्याच्या हातून..."

त्यानं नळाखाली डोकं घातलं. मी नुसती पाणी वाहताना बघत होते. मग तो उठला, टोपीनं तोंड पुसलं.

"दादाला कधी सांगू नगं. जगायचा न्हाई तो."

नाही सांगितलं. आईलाही नाही. आता तिघंही गेली, म्हणून हे बोलते आहे.

पुढं दर दसऱ्याला काका यायचा. बार आप्पाच काढायचे, पण पाटावर ठेवायच्या आधी काका पिस्तूल मागून घ्यायचा, वरची पट्टी ओढायचा, नळीत बघायचा आणि मगच ठेवायचा. आप्पांना त्याची भारी मजा वाटायची. व्हरांड्यात नवा पाहुणा बसला की ते हमखास ती गोष्ट सांगायचे. रंगवून सांगायचे, हातवारे करून.

"आणि मी चाप ओढला, टक्! तर हे आमचं सर्जेराव, पंधरा वर्षं पलटणीत काढलेलं, खडूसारखं पांढरं पडलं! रिकाम्या पिस्तुलाला भ्यालं! काय रं, भ्यालतास का न्हाई?"

पाहुणे हसायचे. काका कपातला चहा खाली ठेवायचा, एकदा माझ्याकडं बघायचा आणि म्हणायचा,

"व्हय दादा. लई भ्यालो."